तळ्याकाठी पळायचं तर आधी जमीन वाचा: पुण्याच्या पायवाटांसाठी

तळ्याकाठची पायवाट वर्षभर एकसारखी राहत नाही. मे महिन्यात जिथे काळी माती भेगाळलेली असते, तिथे ऑगस्टमध्ये घोटाभर पाणी साचतं. ऑक्टोबरमध्ये त्याच जागी कमरेएवढं गवत वाढतं आणि डिसेंबरात त्या गवताची कुसळं मोज्यात घुसतात. डांबरी रस्त्यावर किंवा मैदानाच्या ट्रॅकवर पळताना पायाखाली बघावं लागत नाही, इथे मात्र बघावंच लागतं. अशा वाटेवर घोटा मुरगळून लंगडत परतणाऱ्यांपैकी बहुतेकांचा दम कमी पडलेला नसतो, त्यांचा मातीचा अंदाज चुकलेला असतो. म्हणून इथे वेगापेक्षा मातीबद्दल जास्त लिहिलं आहे.

पुण्यात अशा जागांची कमतरता नाही. रामनदीवरचा पाषाण तलाव आहे, वेताळ टेकडीवरची पाणी साठलेली जुनी दगडखाण आणि तिच्याभोवतीच्या वाटा आहेत. थोडं बाहेर पडलं की खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि मुळशी या धरणांच्या पाण्याच्या कडा आहेत. पण दिसलं पाणी की मारली फेरी, असं चालत नाही. कात्रजचा तलाव प्राणिसंग्रहालयाच्या आवारात येतो. खडकवासल्याच्या काठाचा मोठा भाग एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) हद्दीत आहे, तिथे पाऊल टाकायचं नाही. धरणांच्या काठावर कुणाची तरी शेती असते, कुंपण असतं. वनखात्याच्या किंवा महापालिकेच्या जागेत फाटकावर वेळा लिहिलेल्या असतात, त्या पाळायच्या. फाटक बंद असताना तारेच्या भोकातून आत शिरणाऱ्यांमुळेच पुढे सगळ्यांवर बंदी येते.

सगळ्या तळ्यांना पूर्ण फेरी नसते. कुठे दलदल मध्ये येते, कुठे ओढा, कुठे भिंत. फेरी पूर्ण करायच्या हट्टाने झुडपात घुसू नका. गेलेल्या वाटेने परत येणं हाही चांगला व्यायाम आहे, आणि नवख्यासाठी तोच बरा, कारण परतीची जमीन ओळखीची असते.

पहिल्या दिवशी पळू नका

पहिली फेरी चालत मारा, घड्याळ लावून. चालताना चार गोष्टी बघा: कुठे कोणती माती आहे, वाट कोणत्या बाजूला कललेली आहे, पाणी कुठे ओलांडावं लागतं, आणि काही झालं तर सगळ्यात जवळच्या रस्त्यावर कुठून बाहेर पडता येईल. मोबाइलला रेंज कुठे जाते तेही पाहून ठेवा. टेकडीच्या पोटात, खाणीच्या कपारीत आणि धरणाच्या आतल्या खोबणींत ती हमखास जाते. चालत ५० मिनिटं लागणारी फेरी नवख्याला पळत-चालत ३५ मिनिटांच्या आसपास पडते. पुढचं नियोजन या मिनिटांवर करा, किलोमीटरवर नको. झाडीखाली आणि वळणावळणाच्या वाटेवर जीपीएस घड्याळ वळणं कापून सरळ रेघ मारतं, त्यामुळे अंतर कमी भरतं आणि पेस, म्हणजे दर किलोमीटरला लागलेला वेळ, उगाच वाईट दिसतो. तो भरून काढायला लोक शेवटच्या किलोमीटरला जोर लावतात आणि नेमके तिथेच पडतात.

माती

पुण्याभोवती मुख्यतः तीन प्रकारची जमीन पायाखाली येते: मुरूम, काळी माती आणि उघडा काळा पाषाण. तळ्याकाठी चौथी भर पडते ती गाळाची.

मुरूम म्हणजे झिजलेला बेसाल्ट, तांबूस आणि रवाळ. पाणी त्यातून लवकर निचरतं. रात्री पाऊस पडला तरी सकाळी मुरमाची वाट पळण्याजोगी असते. त्याचा धोका कोरड्या दिवसांतला. मार्च ते मे या काळात कडक जमिनीवर सुट्या खड्यांचा थर बसतो आणि उतारावर तो छर्‍यांसारखा बुटाखालून निसटतो. टाच आधी टेकवून ब्रेक मारायला गेलात की घसरलातच. अशा उतारावर पावलं आखूड ठेवा, पूर्ण तळवा एकदम टेकवा, वजन किंचित पुढे असू द्या.

काळ्या मातीचा स्वभाव उलटा. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. ओली असताना ती बुटाला थरावर थर चिकटते, शंभर पावलांत बूट दुप्पट जड वाटू लागतो आणि ग्रिपचे दात भरून गेल्याने तळवा गुळगुळीत होतो. तपासायची सोपी रीत अशी: वाटेवरची चिमूटभर माती बोटांत घेऊन गोळी वळा. गोळी गुळगुळीत वळली आणि बोटाला चिकटून राहिली, तर त्या वाटेवर आज पळायचं नाही. मोठ्या पावसानंतर काळी माती पळण्याजोगी व्हायला दोन-तीन दिवस उघडीप लागते. आणखी एक कारण आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. ओल्या काळ्या मातीत उमटलेली खोल पावलं ऑक्टोबरच्या उन्हात विटेसारखी कडक होतात आणि वरून गवत वाढलं की दिसेनाशी होतात. हिवाळ्यात घोटे मुरगळवणारे खड्डे हे आपणच पावसाळ्यात पाडलेले असतात. तेव्हा भर पावसाळ्यात मुरमाच्या वाटेवर राहा, निदान वाटेच्या मधोमध पळा. चिखल टाळायला कडेच्या गवतातून गेलं की वाट दर वर्षी हातभर रुंद होत जाते.

उघडा पाषाण कोरडा असेल तर त्याच्यासारखी पकड कशाला नाही. पण ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर हिरवट-काळ्या शेवाळाचा पातळ थर येतो. तो ओला असताना महागड्या बुटाची पकडही चालत नाही. शेवाळ लांबून काळ्या दगडासारखंच दिसतं. फरक इतकाच की त्याला तेलकट चमक असते. चमक दिसली की चाला. बांधाच्या सांडव्यावर हे जास्त लागू, कारण तिथे दगडी फरसावरून महिनोन्महिने पाण्याचा पातळ पडदा वाहत असतो. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा गढूळ असल्याने तळ दिसत नसेल, तर ओलांडू नका. मागे फिरा.

आता गाळ. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं आणि तळ्याच्या काठाला मोकळं, सपाट, कोरडं मैदान दिसायला लागतं. पळायला मोह होतो. पण वरचा तीन-चार बोटांचा पापुद्रा तेवढा वाळलेला असतो, खाली दह्यासारखा गाळ. पापुद्रा फुटला की पाय नडगीपर्यंत आत जातो, शरीर मात्र पुढे चाललेलं असतं, आणि गुडघ्याला इजा होते. गुराढोरांचे खूर बघा. खुरांचे ठसे बोटभर खोल असतील तर जमीन घट्ट आहे. ठसे वितीएवढे आत गेलेले असतील, कडा बाहेर उकललेल्या असतील, तर तिथून लांब राहा. या मोकळ्या गाळावर जायचं नाही याचं दुसरं आणि आमच्या दृष्टीने मोठं कारण पक्ष्यांचं आहे, ते पुढे येईलच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गिरिपुष्प, साग आणि इतर झाडं पानं झाडतात. पानांच्या गालिचाखाली दगड आणि मुळं लपतात. तिथे पाय रोजच्यापेक्षा दोन बोटं जास्त उचला.

उजवीकडून की डावीकडून

तळ्याभोवतीची वाट जवळपास सगळीकडे पाण्याच्या बाजूला कललेली असते. तुम्ही कायम एकाच दिशेने फेऱ्या मारल्या, तर पाण्याकडचा पाय प्रत्येक पावलाला थोडा खाली पडतो. एका फेरीत काही कळत नाही. महिनाभर तसंच केलं की त्या पायाच्या गुडघ्याची बाहेरची बाजू, कंबर किंवा वरच्या पायाच्या घोट्याची आतली बाजू कुरकुरायला लागते, आणि लोक बूट बदलत बसतात. उपाय फुकटचा आहे: आज घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गेलात तर उद्या उलट. एकाच दिवशी दोन फेऱ्या असतील तर दुसरी उलटी घ्या. सकाळच्या उन्हाचाही विचार करा. सूर्य समोर आणि शेजारी पाणी असलं की तिरीप दोन्हीकडून डोळ्यांवर येते, वाटेवरचे दगड दिसतच नाहीत. असा पट्टा सूर्य वर यायच्या आत उरका, किंवा त्या दिवशी दिशा बदला. टोपीला पुढे झाप असलेली बरी.

बूट आणि बाकी सामान

रस्त्याच्या बुटांवर कोरड्या मुरमाची सपाट वाट खुशाल पळता येते. नवीन बूट घेण्यापूर्वी महिनाभर तसं करून बघा. ट्रेलचे बूट लागतात ते उतारासाठी आणि पावसाळ्यासाठी. सोलवरचे दात ४ ते ५ मिलिमीटर असले की पुण्याच्या जमिनीला पुरे. त्याहून खोल दात चिखलात चांगले, पण वर्षातले आठ महिने कडक जमिनीवर ते टोचतात आणि लवकर झिजतात. बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ती नसेल तर उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. आणि सोल वाकवून बघताना एक गोष्ट खास तपासा: पुढच्या भागात पातळ कडक पट्टी आहे का. कारण बाभळीचा काटा.

तळ्याकाठी बाभूळ असतेच. तिचा वाळलेला पांढरा काटा पाच-सहा सेंटिमीटरचा असू शकतो आणि मऊ फोमच्या सोलमधून तो सरळ तळव्यात येतो. कडक पट्टी असेल तर निदान पुढचा पाय वाचतो. काटा घुसला तर धावत राहून तो मोडू देऊ नका. थांबा, बूट काढा, काटा ज्या रेषेत आत आला त्याच रेषेत सरळ मागे ओढा. टोक आत राहिलं असं वाटलं तर घरी सुई-दोऱ्याचे प्रयोग न करता डॉक्टरांकडे जा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते त्यांना सांगा.

मोजे सुती नकोत. सुती मोजा ओला झाला की ओलाच राहतो आणि फोड आणतो. ऑक्टोबर ते जानेवारीत घोट्याच्या वरपर्यंत येणारे घट्ट विणीचे मोजे घाला, त्यावर पातळ कापडी गेटर (बुटाचं तोंड झाकणारं आवरण) असतील तर उत्तमच. कुसळ हातात धरून बघितलंत तर कळेल की ते मोज्यात का शिरतं. टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी, त्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि मागे पिळलेली लांब शेपटी. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो आणि बी स्क्रूसारखं आत जातं. जमिनीत रुजायची ही त्या गवताची युक्ती आहे. मोज्यात तुमच्या घामाची ओल त्याला तीच मदत करते.

बुटाची नाडी शेवटच्या जादा भोकातून नुसती ओवू नका. त्या भोकात दोन्ही बाजूंना छोटा फास करा, समोरची नाडी त्या फासातून ओढा आणि मग गाठ मारा. टाच मागे घट्ट बसते, उतारावर पाय पुढे सरकत नाही. नाडीची टोकं आत खोचा, नाहीतर घाणेरीच्या फांदीत अडकतात.

बरोबर काय न्यायचं? पाणी, मोबाइल, १०० रुपयांच्या दोन नोटा, ओळखपत्राची झेरॉक्स आणि त्यावर घरच्यांचा नंबर, शिट्टी, चार बोटं रुंदीचं क्रेप बँडेज. एवढं कमरेच्या पट्ट्यात मावतं. कानात हेडफोन नकोत. इथे कान हे सामानच आहे.

पळायची पद्धत

नजर तीन-चार मीटर पुढे. पायाजवळ बघितलं तर निर्णय घ्यायला वेळ मिळत नाही, फार लांब बघितलं तर समोरचा दगड चुकतो. पावलं आखूड आणि भराभर, मिनिटाला १७० ते १८०. आखूड पावलाचा फायदा असा की एक पाय निसटला तरी दुसरा लगेच जमिनीवर येतो. हात अंगापासून थोडे सुटे ठेवा, तोल त्यांनीच सावरतो.

चढावर पळत राहणं म्हणजे शौर्य नव्हे. श्वास इतका चढला की सलग एक वाक्य बोलता येत नाही, तर चाला. हात मांड्यांवर टेकवून, लांब आणि दमदार पावलांनी. चढावर चालून वाचवलेला दम पुढच्या सपाटीला वापरता येतो. उतारावर उलट चूक होते, वेग आपोआप वाढतो आणि सुखावतो. पण उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूला ताणलं जात असतानाच जोर लावावा लागतो, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जीव जातो. सुरुवातीचे काही आठवडे उतार मुद्दाम सावकाश घ्या.

त्याच ताकदीच्या रस्त्यावरच्या पळण्यापेक्षा इथे दर किलोमीटरला एक ते दीड मिनिट जास्त लागतं, चढाचं अंतर असेल तर त्याहूनही जास्त. हे बरोबरच आहे.

वेळ आणि हंगाम

पुण्यात जूनमध्ये सूर्य सहाच्या आसपास उगवतो, जानेवारीत सातनंतर. पायाखालचं स्वच्छ दिसेल इतका उजेड झाल्यावरच वाटेवर या. डोक्यावरच्या दिव्याने रस्ता दिसतो, पण समोरून पडलेल्या प्रकाशात खड्ड्याची खोली कळत नाही. शिवाय पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा अंधार ही रानडुकरांची, आणि पुण्याच्या वेशीबाहेर बिबट्याचीही वेळ. संध्याकाळी सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी बाहेर पडलेलं असावं.

एप्रिल-मेमध्ये साडेआठच्या आत सगळं आटपा. ऑक्टोबर फसवा असतो. पाऊस संपलेला, हवेत दमटपणा, आणि ऊन अचानक तापलेलं. शरीराला नवं ऊन अंगवळणी पडायला दहा-बारा दिवस लागतात, तोवर वेळ एक तृतीयांश कमी ठेवा. मुळशी-ताम्हिणीकडे जुलै-ऑगस्टमध्ये शहराच्या कित्येक पट पाऊस पडतो. पुण्यात ऊन आहे म्हणून तिकडे ओढे शांत असतील असं धरून जाऊ नका.

पाणी आणि खाणं

तासाच्या आतल्या पळण्याला थंडीत निघताना ग्लासभर पाणी पुरतं. तासाच्या वर जाणार असाल तर दर तासाला ४०० ते ६०० मिलिलिटर, उन्हाळ्यात ७०० पर्यंत, एकदम न पिता १५-२० मिनिटांनी चार-पाच घोट. घरचं लिंबू सरबत कोणत्याही पावडरीइतकं चांगलं काम करतं: अर्धा लिटर पाण्यात दोन सपाट मोठे चमचे साखर, दोन चिमटी मीठ, अर्धं लिंबू. साखर याहून वाढवली तर पोटात ढवळतं, कारण दाट सरबत पोटातून पुढे सरकायला वेळ लावतं. दीड तासाच्या वर असेल तर खजुराचे तीन-चार तुकडे किंवा गुळाची चिक्की. चिक्की उन्हाळ्यात चिकटते, तेव्हा राजगिरा वडी न्या. तळ्याचं पाणी, दिसायला कितीही नितळ असलं, तरी प्यायचं नाही. शहरातल्या तळ्यांत सांडपाणी मिसळतं. पायाला उघडी जखम असेल तर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाऊ नका, लेप्टोस्पायरोसिसचे जंतू तिथूनच शिरतात.

पक्षी

नोव्हेंबर ते मार्च तळ्यांवर पाहुणे असतात: थापट्या, चक्रवाक आणि इतर बदकं. वारकरी पक्षी आणि हळदीकुंकू बदक तर आहेतच. काठावर बसलेला थवा तुम्ही येताना मान ताठ करतो, मग चालत पाण्याकडे सरकतो, मग उडतो. मान ताठ झाली तिथेच वेग कमी करायचा आणि वाटेच्या पाण्यापासून लांबच्या कडेला जायचं. थवा उडाला म्हणजे तुम्ही फार जवळ गेलात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला दिवसातून वीस वेळा उठवलं की त्याने खाऊन साठवलेली चरबी तिथेच खर्च होते. आमच्या मते स्पीकरवर गाणी लावून तळ्याकाठी पळणाऱ्याला त्या जागेचा हक्क नाही.

मार्च ते ऑगस्ट टिटवीचा हंगाम. ती घरटं बांधत नाही. उघड्या मुरमावर किंवा वाळलेल्या गाळावर चार खडे सारून खळगा करते आणि त्यात बहुधा चार अंडी घालते, निमुळती टोकं आत वळवून. अंडी मातकट, त्यावर काळपट डाग. दोन पावलांवरूनही ती खड्यांसारखी दिसतात. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली, आवाज चढत गेला आणि ती झेपावू लागली, तर जागच्या जागी थांबा. पुढच्या पावलाची जागा नीट बघा आणि आलेल्या ठशांवरूनच मागे या. तिथे रेंगाळून फोटो काढू नका. उन्हाळ्याच्या दुपारी टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. ती जेवढा वेळ तुमच्यामागे ओरडत असते, तेवढा वेळ अंडी तापत असतात. उन्हाळ्यात मोकळ्या गाळावर उतरू नका, हे म्हटलं ते यासाठी.

साप, मधमाश्या, कुत्री

घोणस थंडीत उन्हं खायला वाटेवर येते. अंगावर साखळीसारखे गोल ठिपके, जाडजूड शरीर, आणि डिवचलं की कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार. दगडगोट्यांच्या उतारावर फुरसं असतं, ते लहान असल्याने चटकन दिसत नाही. वाट सोडून गवतात पाय टाकू नका, बसण्यापूर्वी दगडाची मागची बाजू बघा, न बघता कपारीत हात घालू नका. साप दिसला तर पाच-सहा मीटरवर थांबा, तो स्वतःहून जातो. चावलाच, तर आवळून दोरी बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करू नका. बूट, पायातलं कडं, अंगठी लगेच काढा, कारण सूज येते. माणसाला चालवू नका, पाय स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष मिळणाऱ्या मोठ्या रुग्णालयात न्या. साप मारून बरोबर न्यायची गरज नसते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी आपल्याकडे एकच प्रतिविष वापरतात.

खाणीच्या कड्यांना आणि उंच झाडांना आग्या मोहोळ लागतं. ते दिसलं की अत्तर-डिओ लावलेल्याने तर तिकडे फिरकूच नये. माश्या मागे लागल्या तर तोंड शर्टाने झाकून सरळ पळत सुटा आणि गाडीत किंवा इमारतीत शिरा. हात झटकू नका. तळ्यात उडी मारू नका, डोकं वर येईपर्यंत माश्या वर घोंघावत राहतात, आणि बुडायची भीती वेगळी. नांगी नखाने लगेच खरवडून काढा. ओठ-घसा सुजला, श्वास अडला, तर वेळ न घालवता रुग्णालय.

कुत्री पळत्या माणसामागे लागतात. त्यांना पाठ न दाखवता थांबा, डोळ्यांत रोखून बघू नका, हळूहळू बाजूने चाला. चावा किंवा दात लागून नुसता ओरखडा आला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

आठ आठवडे

रस्त्यावर न थांबता अर्धा तास पळता येतं, तिथून सुरुवात धरली आहे. आठवड्यातून तीन दिवस पळा, त्यातला पहिले दोन आठवडे एकच दिवस तळ्याकाठी, ३० मिनिटं: चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन दिवस तळ्याकाठी, एक ३० आणि एक ४० मिनिटांचा. पाचवा आठवडा थोडा वाढवा, लांबचा दिवस ५० मिनिटांवर न्या. सहाव्यात मागे या, पुन्हा ४० वर. सातव्यात आणि आठव्यात लांबचा दिवस ६० आणि ७० मिनिटं. सहाव्या आठवड्याची माघार गाळू नका. दम तीन आठवड्यांत वाढतो, पण घोट्याच्या सांध्याला आणि पोटरीच्या शिरेला तितक्या लवकर सवय होत नाही.

पळायचं नसेल त्या दिवशी घरीच: एका पायावर ३० सेकंद उभं राहणं, दोन्ही पायांवर तीनदा. जमू लागलं की डोळे मिटून. जिन्याच्या पायरीच्या कडेवर पंजे टेकवून टाचा वर-खाली, १५ चे तीन संच, खाली येताना तीन आकडे मोजत. आणि पायरीवर एका पायाने उभं राहून दुसरी टाच जमिनीला सावकाश टेकवणं, दहा-दहाचे दोन संच. उतारावर गुडघा आत वळण्याची खोड या शेवटच्या व्यायामाने सुटते.

घोटा मुरगळलाच, तर लगेच उठून 'बघू, पळता येतं का' हा प्रयोग करू नका. बसा, क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळा आणि जवळच्या बाहेरच्या वाटेने चालत निघा. दोन खुणांवर एक्सरे काढायचाच: चार पावलंही पायावर भार टाकून चालता येत नसेल, किंवा घोट्याच्या बाहेरच्या वा आतल्या हाडाच्या मागच्या कडेला बोट दाबल्यावर कळ येत असेल. पहिले दोन दिवस दर दोन-तीन तासांनी १५ मिनिटं, कापडात गुंडाळलेला बर्फ. मालिश आणि गरम शेक या दिवसांत नको.

परत आल्यावर

बूट दारातच काढा, आतले जोडतळवे बाहेर काढा. सोलवरची काळी माती ओली असतानाच काडीने काढायची, वाळली की ती दगड होते. तळव्यावर अंगठा फिरवून बाभळीची मोडलेली टोकं शोधा. आज न टोचलेला काटा चार दिवसांनी आत सरकतो. मोजे उलटे करा आणि कुसळं टोकाच्या बाजूने, म्हणजे ज्या दिशेने घुसली त्याच दिशेने पुढे ओढून काढा. मागे ओढलीत तर केस अडकतात आणि टोक मोज्यात मोडून राहतं. बूट धुतले असतील तर त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, आणि पंख्याखाली सावलीत ठेवा. कडक उन्हात सोलचा गोंद सुटतो. पावसाळ्यात बूट पूर्ण वाळायला दीड-दोन दिवस लागतात, म्हणून सलग दिवस पळणाऱ्याने जुना जोड टाकून देऊ नये.

रात्री पायांवरून हात फिरवा. गवतातून गेलेल्याला गोचीड चिकटलेली सापडू शकते, बहुधा गुडघ्यामागे किंवा जांघेत. ती चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरा आणि पीळ न देता सरळ वर ओढा.